पिळून घेतलेलं मटण

३ जून

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मामंजी सुखरूप पोचल्याचं भाऊजींनी फोनवर सांगितलं, तेव्हा कुठे जिवात जीव आला. तुझ्याशीही बोलायचं होतं, पण मामंजी तुझ्या शेजारीच बसलेले. त्यांची नजर गेली तरी कान अजून तिखट आहेत. म्हणून पत्र लिहिते आहे. ते त्यांना वाचता येणार नाही, आणि तू कुणाला दाखवू नकोस.

आता वर्षभर ते तुझ्याकडे. माझ्या वर्षाचं मी देवाच्या दयेने नीट पार पाडलं. आले तेव्हा बावन्न किलो होते, जाताना पंचावन्न. मी दर पहिल्या तारखेला दळणाच्या गिरणीतल्या काट्यावर उभं करत असे आणि रोजखर्चाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवत असे. तूही लिहीत जा.

त्यांना चहा कपात नको, पेल्यात दे. आंघोळीचं पाणी आधी त्यांच्या हातावर घालून दाखव, मग अंगावर. बुधवार-रविवार त्यांचा मटणाचा वार. मी स्वतः खात नाही हे तुला माहीत आहेच, पण त्यांचं ताट मी कधी सुनं ठेवलं नाही. बिनहाडाचं लागतं आणि मऊ लागतं, एवढं ध्यानात ठेव. नळीचं हाड मागतील. डॉक्टरांनी नको म्हटलंय असं सांग.

ह्यांची तब्येत ठीक आहे. ऑपरेशनला पंधरा महिने झाले. जिना चढून येतात आणि दारात उभे राहून मला हाक मारतात, दम लागला नाही हे दाखवायला.

काही अडलं तर लगेच कळव. मनाला उगाच हुरहुर लागून राहिली आहे.

तुझी,
मोठी जाऊ

---

१४ जून

ती. ताईंस,
साष्टांग नमस्कार.

अडलंय. पहिल्या रविवारीच अडलं.

हे सकाळी सहाला रांगेत उभे राहून मांडीचं मटण घेऊन आले. तुम्ही म्हणालात तसं बिनहाडाचं. शाळेच्या गणवेशांची एवढी घाई असताना मी मशीन झाकून ठेवली आणि दोन तास गॅससमोर उभी राहिले. मामंजींनी एक घास घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला आणि ताट पुढे सरकवलं. म्हणाले, "हे मटण नव्हे."

मी म्हटलं, "मामंजी, तुमच्या मुलाने डोळ्यांसमोर कापून आणलंय."

"आणलं असेल. मटण मोठीच्या हातचं. तोंडात टाकलं की विरघळतं. तिला विचार."

यावर हे काय म्हणाले असतील? "विचार ना वहिनींना. लाजायचं काय त्यात?" ताई, मी या घरात अठरा वर्षं मटण करते आहे. तुम्ही तर सव्वा वर्षात तोंडातसुद्धा घातलं नाहीत. चव न बघता तुम्हाला जमतं आणि मला बघून जमत नाही!

बुधवारी पुन्हा तेच झालं. भात-वरण खातात, पण चार घास. शेजारची शिकवणीवाली बाई आली होती, तिच्यासमोर म्हणाले, "आमची मोठी सून सुगरण आहे." मी आतून ऐकत होते. कात्री हातात होती, नशीब त्यांचं.

कसं करता ते सविस्तर लिहा. काही म्हणजे काही गाळू नका.

आपली,
धाकटी

---

१९ जून

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसू आलं. मामंजींचं बोलणं मनावर घेऊ नकोस. म्हाताऱ्या माणसाला जे समोर नसतं तेच गोड लागतं. मी तुझ्याइतकी हुशार नाही, मॅट्रिकच्या पुढे गेले नाही आणि स्वयंपाकातही माझं काही विशेष नाही.

पण तू विचारलंस म्हणून लिहिते. मोठ्या पातेल्यात पाणी उकळायला ठेव. त्यात मीठ घाल. पाण्याला उकळी फुटली की त्यात टाक आणि दहा मिनिटं झाकून ठेव. मग गाळून गार पाण्यात घाल आणि दोन्ही हातांनी घट्ट पिळून घे. असं दोनदा कर, म्हणजे वास जातो. मग आलं, लसूण, दही लावून तासभर ठेव. थोड्या तेलात बाहेरून लालसर होईपर्यंत परत आणि मग रश्शात सोड. रस्सा आत मुरला पाहिजे, तेच मुख्य.

एवढंच. मी यात काही लपवलेलं नाही. लिहिलंय त्यातलं अक्षर न् अक्षर मी करते तसंच आहे.

वजन केलंस का?

तुझी,
मोठी जाऊ

---

२६ जून

ती. ताईंस,
नमस्कार.

मटण पिळून घ्यायचं? मी पत्र तीनदा वाचलं. ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "वहिनींनी लिहिलंय ना, मग पीळ."

पिळलं, ताई. अर्धा किलो मटण मोरीत उभी राहून दोन्ही हातांनी पिळलं. हे दाढी करता करता आत डोकावले आणि म्हणाले, "त्याला नीळ घालणार आहेस का आता?" मला हसू आलं नाही. उकळून, पिळून, परतून जे झालं ते चपलेला लावायच्या लायकीचं होतं. मामंजींनी एक तुकडा तोंडात घेतला. जबडा हलवत राहिले, हलवत राहिले. मग मी पाणी आणायला वळले तेवढ्यात हळूच रुमालात काढून ठेवला. मला दिसलं. आधी नावं ठेवत होते तेच बरं होतं.

वजन विचारलंत. एकावन्न. पंचावन्नावरून एकावन्न, माझ्या घरी, तीन आठवड्यांत. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दवाखान्यात ठेवून सलाईन लावावं लागेल. हे माझ्याशी धड बोलत नाहीत. दिवसभर मशीन चालवते आणि टाके वेडेवाकडे पडतात. काल एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

आता एक विचारते, राग मानू नका. तुम्ही काहीतरी राखून ठेवताय. मामंजींनी तुमचंच नाव घेत राहावं, असं तर नाही ना मनात? तुम्हाला देवाधर्माची एवढी चाड आहे, म्हणून विचारते. म्हातारा माणूस आहे. उपाशी आहे.

धाकटी

---

१ जुलै

चि. सौ. धाकटीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र देवापुढे ठेवलं आणि दोन दिवस तिथेच राहू दिलं. तुझं बरोबर आहे. मी राखून ठेवलं. पण तू समजतेस त्यासाठी नाही.

ते मटण नव्हतंच. वर्षभर नव्हतं. सोयाबीनच्या वड्या होत्या. वाण्याकडे पुड्यात मिळतात त्या.

ह्यांना ऑपरेशनला आत नेलं तेव्हा मी बाहेरच्या बाकावर एकटी होते. मी शब्द दिला की हे परत आले तर या हातांनी मांसाला शिवणार नाही, माझ्या घरात ते शिजणार नाही. हे परत आले. त्यांनीही आपणहून सोडलं. तीन महिन्यांनी मामंजींचं माझ्याकडचं वर्ष सुरू होणार होतं. तेव्हा भाऊजी काय म्हणाले होते, आठवतं? "वहिनी, तुमचं देवाचं तुमच्यापाशी. बाबांच्या ताटात बुधवार-रविवार मटण पडलं पाहिजे. तुमच्याकडून होणार नसेल तर मी त्यांना कायमचं इकडे ठेवतो." मामंजी सोडून सगळ्यांसमोर म्हणाले. थोरल्या सुनेला सासरा सांभाळता आला नाही, हे मला ऐकायचं नव्हतं. मी म्हटलं, पडेल.

आधी मशरूम केले. त्यांनी विचारलं, "हे काय बुळबुळीत?" मग गव्हाचं पीठ पाण्याखाली धुऊन धुऊन उरतो तो चिवट गोळा शिजवून बघितला. तो त्यांना चावेना. मग या वड्या. पहिल्याच दिवशी म्हणाले, "वा, मोठे!" आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. सुटल्यासारखं वाटलं म्हणून, की फसवलं म्हणून, ते मलाच कळलं नाही. बिनहाडाचं का, तर डॉक्टरांनी सांगितलंय. नळी का नाही, तर डॉक्टरांनी सांगितलंय. त्या बिचाऱ्या डॉक्टरांच्या नावावर मी किती खोटं खपवलं!

तुला कृती लिहितानाही खोटं लिहायचं नव्हतं म्हणून कशाची कृती तेवढं लिहिलं नाही. आपण खोटं बोललो नाही असं मी स्वतःला समजावलं. तू मोरीत उभी राहून मटण पिळलंस ते वाचलं आणि मला माझीच किळस आली.

एक हात जोडून सांगते. वड्या आण, तशाच कर, त्यांना खाऊ दे. पण कळू देऊ नकोस. चाळीस वर्षं त्यांनी मटणाचं दुकान चालवलं. डोळे मिटून, नुसतं बोटाने दाबून, मांडीचं की खांद्याचं ते सांगायचे. लोक पैजा लावायला यायचे. आता नजर गेली, तापात वासही गेला. तेवढी एक ओळख शिल्लक आहे असं त्यांना वाटतं. ती काढून घेऊ नकोस.

मोठी

---

८ जुलै

ताई,

रविवारी वड्या केल्या. दोन वाट्या खाल्ल्या त्यांनी. बुधवारी पुन्हा दोन. मी सुटले होते, ताई. तिथेच थांबायला हवं होतं.

बुधवारी जेवता जेवता म्हणाले, "आता जमलं तुला. मोठीने शिकवलं ना? बघ, अठरा वर्षांत नाही आलं ते पत्रातून आलं." हे हसले. आणि माझं काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, "मामंजी, हे मटण नाही. सोयाबीन आहे. वर्षभर तुम्ही हेच खाताय. मी करत होते ते मटण होतं!"

घास हातात तसाच राहिला. मग त्यांनी तो ताटात ठेवला, बोटं एकेक करून पुसली आणि विचारलं, "पुड्यातलं?" मी हो म्हटलं.

तेव्हापासून जेवण बंद आहे. भिंतीकडे तोंड करून बसतात. काल दूध दिलं तर पेला हातात धरून विचारतात, "हे दूधच ना?" आज सकाळी पाणी दिलं. ताई, पाण्यातही बोट बुडवून बघितलं.

हे म्हणतात दोन-चार दिवस बघू, नाहीतर दवाखाना. तुमच्यावरही चिडलेत, पण त्याहून जास्त माझ्यावर. तुम्ही एवढं हात जोडून लिहिलं होतंत. मी चुकले. आता काय करू?

धाकटी

---

११ जुलै

चि. सौ. धाकटीस,

चूक तुझी नाही. माझी वर्षभराची आहे, तू फक्त दार उघडलंस.

मी गुरुवारच्या गाडीने येते आहे. भाऊजींना मटण आणून ठेवायला सांग. मी माझ्या हाताने कापीन, माझ्या हाताने शिजवीन आणि त्यांच्यासमोर बसून करीन. त्यांनी बोटाने दाबून बघावं, खात्री करावी आणि मग जेवावं. फसवलं या हातांनी, तर भरपाईही याच हातांनी व्हायला हवी.

शब्द मोडेल. ठाऊक आहे मला. कालपासून देवासमोर बसले की तोंडून नाव निघत नाही, नुसते हात जोडून बसते. मनात एकच येतं की ज्यांच्यासाठी शब्द दिला त्यांना तर काही होणार नाही? ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "देव काय हिशेब घेऊन बसलाय? माझे वडील उपाशी आहेत, तू जा." आणि असं म्हणताना छातीवर हात ठेवला. नेहमीचीच सवय आहे त्यांची, पण मला ते बघवलं नाही. सकाळपासून चारदा पिशवी भरली आणि चारदा उपसली.

तोवर दूध तरी पाज. त्यांच्यासमोर पिशवी फोड, त्यांच्यासमोर तापव. त्यांना सगळा आवाज ऐकू येऊ दे.

मोठी

---

१३ जुलै

ती. ताईंस,
साष्टांग नमस्कार.

येऊ नका. पत्र वेळेत पोचावं म्हणून कुरिअरने पाठवते आहे. मामंजी जेवले, हे आधी वाचा आणि मग पुढचं.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. तुम्हाला विचारलं नाही. म्हटलं, आता या घरात त्यांच्यापासून लपवून काही वाचायचं नाही. ते भिंतीकडे तोंड करून होते. "शब्द मोडेल" इथे आल्यावर म्हणाले, "थांब. कसला शब्द?"

ताई, त्यांना काही माहीतच नव्हतं. ऑपरेशन किरकोळ आहे असं आपणच सांगितलं होतं ना त्यांना, घाबरतील म्हणून? मी सगळं सांगितलं. बाकावरचं, तुम्ही देवाला काय बोललात ते. मग एकदम ओरडले, "माझ्या पोरासाठी तिने सोडलं, आणि मला सांगायची चोरी? मी काय लांडगा आहे?" आठवडाभरात पहिल्यांदा आवाज चढवला. मला इतकं बरं वाटलं!

मग ह्यांना हाक मारली. "जा, मागच्या मांडीचं आण. वरचा पापुद्रा काढू देऊ नकोस खाटकाला. आणि मला सुरी दे. ही नको, ही भाजीची दिसतेय. मोठी दे." ती त्यांनी ओट्याच्या कडेला बराच वेळ घासली. मटण आल्यावर पाटावर घेतलं आणि बसले. आम्ही दोघं जीव मुठीत धरून उभे, नजर नसलेला माणूस आणि हातात एवढी मोठी सुरी. हे पुढे झाले तर म्हणाले, "उजेड अडवू नकोस." त्यांना कसला उजेड हो? पण हे मागे सरकले.

बोटं पुढे, सुरी मागे, असा खिमा केला की मशीनला जमणार नाही. शिरा एकेक करून बाजूला काढल्या. करता करता बोलत होते. म्हणाले, "कवळी सैल झालीय वर्षापासून. हिरड्या सोलल्यात. मटण चावत नाही. आयुष्यभर लोकांना विकलं आणि आता मलाच चावत नाही, हे कुणाला सांगू? मोठीकडचं चावलं. म्हटलं, देवच पावला. विचार नाही केला. करायचाच नव्हता." थोड्या वेळाने म्हणाले, "ओळखायला हवं होतं पण." ते दोनदा म्हणाले.

खिमा मी शिजवला. अर्धी वाटी खाल्ली. छान झालाय म्हणाले नाहीत, वाईटही म्हणाले नाहीत. कवळीसाठी सोमवारी दाताच्या डॉक्टरांकडे नेतोय.

तुमच्यासाठी निरोप आहे, त्यांच्याच शब्दांत लिहिते: "मोठीला सांग, मांसाला हात लावू नकोस. लावलास तर मी तुझ्या घरचं पाणी पिणार नाही. मी मुलाला भेटायला येईन. तुझ्या घरात जे शिजतं तेच वाढ. पण काय आहे ते सांगून वाढ."

पिशवी उपसून ठेवा.

आपली,
धाकटी

---

१९ सप्टेंबर

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मामंजी आणि भाऊजी काल दुपारी पोचले. भाऊजी आज परत निघताहेत, हे पत्र त्यांच्याच हाती देते आहे. मामंजी आठ दिवस राहतील.

आल्या आल्या त्यांनी ह्यांना पुढ्यात बसवलं. शर्टाच्या आत हात घालून ऑपरेशनची खूण वरपासून खालपर्यंत बोटाने चाचपली. कितीतरी वेळ. मग विचारलं, "टाके कुणी घातले?" ह्यांनी डॉक्टरांचं नाव सांगितलं. म्हणाले, "हात चांगला आहे त्याचा."

मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही आता. दुसरं काहीतरी करावं, साधं वरण-भात वाढावं आणि मोकळं व्हावं असं वाटत होतं. पण काल रविवार होता. वड्याच केल्या, नेहमीच्याच पद्धतीने. ताट पुढे ठेवलं आणि म्हटलं, "मामंजी, सोयाबीनच्या वड्या आहेत. हा भात. हे पाणी." पाणी आहे हेसुद्धा सांगितलं बघ.

नवी कवळी बसवून ते जेवायला लागले. एक वडी चावली. दुसरी चावली. मी समोर पदराचं टोक पिळत बसलेली.

म्हणाले, "मीठ कमी आहे. आणि लसूण करपलाय तुझा. मागेही करपायचा."

मी म्हटलं, "मग वर्षभर बोलला का नाहीत?"

"मटण समजून खात होतो ना. चाळीस वर्षं विकलं, मटणाला मी नावं ठेवत नाही. याला ठेवीन."

वर्षभर नुसतं "वा, मोठे!" ऐकलं होतं मी, आणि दर वेळी ते ऐकून जेवण जात नसे. काल मला नावं ठेवली आणि मी मीठ आणायला म्हणून उठले, ते स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून उभीच राहिले. शेवटी त्यांनीच हाक मारली, "मीठ आणतेस की पिकवतेस?"

तुझी,
मोठी जाऊ